मुरलेल्या पाण्याचा हिशेब कोणीं ठेवावा ?

दिवाळीच्या पणत्या विझल्या न विझल्या तोंच गांवोगांवच्या ग्रामसभांतून हल्लीं एक नवा कागद वाचला जातो. त्यास 'पाण्याचा ताळेबंद' असें नांव आहे. पाऊस इतका पडला, इतका वाहून गेला, इतका वाफ होऊन उडाला, इतका जमिनींत मुरला, म्हणून यंदा रब्बीस इतकेंच पाणी उपसावें, असा त्यांतील मजकूर असतो. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अहवाल, २०२० सालीं सुरू झालेली अटल भूजल योजना, आणि नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पासाठीं मुंबईच्या आय. आय. टी.नें बसविलेली गणनपद्धति, अशा निरनिराळ्या वाटांनीं हा कागद पुष्कळ गांवांच्या चावडीपर्यंत येऊन पोहोंचला आहे.

ताळेबंद ही गोष्ट चांगलीच आहे. दुकानदाराच्या उधारीचा पै-पैचा हिशेब जो ठेवतो, त्यानें आपल्या विहिरीचा हिशेब ठेवूं नये असें कोण म्हणेल ? परंतु या ताळेबंदांतील एक आंकडा असा आहे कीं, तो कोणीं मोजलेला नसतो. पाऊस मापकांत मोजतां येतो. ओढ्याचें पाणी बंधाऱ्यावरून जातांना मोजतां येतें. उपसा पंपाच्या तासांवरून काढतां येतो. मातींतून उतरून खडकापर्यंत पोहोंचलेलें पाणी मात्र कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. तें गणितानेंच काढावें लागतें, आणि या गणितास हल्लीं 'मॉडेल' म्हणतात. खर्चाच्या सर्व बाजू ज्या जमेवर टांगल्या आहेत ती जमाच अशी अनुमानानें आलेली आहे. म्हणून तें अनुमान कसें बांधलें जातें हें शेतकऱ्यानें समजून घेतलें पाहिजे, आणि तेवढ्यावर न थांबतां त्यांत आपला हात घातला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें मत कां झालें हें सांगण्यासाठीं वाचकांस आमच्याबरोबर मातींतून थोडें खोल उतरावें लागेल.

पाणी जमिनींत कसें चालतें याचें शास्त्र फार जुनें नाहीं. फ्रान्समधील दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचें काम करणारे इंजिनियर हेन्री डार्सी यांनीं वाळूनें भरलेल्या नळांतून पाणी सोडून पाहिलें, आणि दोन टोकांच्या पाण्याच्या उंचींत जितका फरक अधिक तितका प्रवाह अधिक, असा नियम १८५६ सालीं प्रसिद्ध केला. परंतु हा नियम पाण्यानें गच्च भरलेल्या वाळूचा झाला. शेतांतील माती वर्षाचा बहुतेक काळ अर्धवट ओली असते. तिच्यांतील पाण्याची चाल प्रथम १९०७ सालीं एडगर बकिंगहॅम या अमेरिकन शास्त्रज्ञानें व नंतर १९३१ सालीं एल. ए. रिचर्ड्स यानें समीकरणांत बांधली. त्या समीकरणाचें मर्म आपल्या भाषेंत सांगावयाचें तर तें असें कीं, कोरडी माती पाण्यास धरून ठेवते व पुढें जाऊं देत नाहीं. ओली माती त्यास वाट देते. मातीची ओल निम्म्यावर आली म्हणजे तिची पाणी वाहूं देण्याची शक्ति निम्मी होत नाहीं, ती कित्येक पटींनीं खालावते. म्हणूनच मृगाची पहिली सर कितीहि जोराची असो, विहिरीस तिचा पत्ता लागत नाहीं. आणि भाद्रपदांत वाफशावर आलेल्या रानावर पडलेला बेताचाच पाऊस विहिरीचें पाणी हातभर चढवून जातो.

वाफसा हा आपल्या कुणब्यानें घडविलेला शब्द शास्त्रज्ञांच्या 'क्षेत्रीय जलधारणा' या शब्दाहून प्रस्तुत लेखकास सरस वाटतो. जास्तीचें पाणी निथळून गेलें आहे, पिकास पुरेशी ओल उरली आहे आणि मातींत हवाहि खेळत आहे, इतकें सर्व त्या तीन अक्षरांत सामावलें आहे. नांगर घालणारा माणूस तो पायाच्या तळव्यानें ओळखतो. मॉडेल तो गणितानें ओळखूं पाहतें. दोघांचा विषय एकच आहे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील विवेचन जड वाटणार नाहीं.

रिचर्ड्सचें समीकरण गांवांतील प्रत्येक बांधासाठीं सोडवीत बसणें व्यवहारांत जमत नाहीं. म्हणून पाणलोटाच्या हिशेबाचीं बहुतेक मॉडेलें मातीस घागर मानतात. पावसाचें जें पाणी वरून वाहून गेलें नाहीं तें घागरींत पडतें. पीक व ऊन रोज त्यांतून कांहीं काढून घेतात. घागर भरून वाहूं लागली म्हणजे जें सांडतें तें खालीं उतरून भूजलास मिळतें. किती वाहून गेलें हें काढण्यासाठीं अमेरिकेच्या मृदासंधारण खात्यानें गेल्या शतकाच्या मध्यास बसविलेली वक्रांकाची पद्धत बहुधा वापरतात. घागर केवढी, हें मातीच्या जातीवर व खोलीवर अवलंबून असतें. मीटरभर खोलीची काळी जमीन पिकाच्या उपयोगी पडेल असें १५० ते २०० मिलिमीटर पाणी पोटांत ठेवते. वीतभर खोलीच्या मुरमाड माळास तीस मिलिमीटर देखील पेलत नाहीं. तेव्हां आषाढांत तीन दिवसांत ६० मिलिमीटर पाऊस पडला, तर काळें रान तो सर्व गिळून बसतें आणि खालीं थेंब सोडीत नाहीं. माळ मात्र आपली घागर तेव्हांच भरून उरलेलें पाणी कांहीं ओढ्यास व कांहीं खडकास देऊन टाकतो. या एका गोष्टीकडे आपणांस पुढें परत यावयाचें आहे.

घागरीची ही कल्पना साधी आहे, सोयीची आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं ती बरोबरहि ठरते. परंतु आपल्या काळ्या जमिनीनें या घागरीस तळाशीं भोंकें पाडून ठेविलीं आहेत. वैशाखांत काळें रान असें तडकतें कीं, भेगेंत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. वळवाचें पाणी या भेगांतून माती न भिजवितांच सरळ मुरमापर्यंत उतरतें. पुढें माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन इतकी घट्ट होते कीं तासाला कांहीं थोडे मिलिमीटर पाणीहि ती आंत घेत नाहीं. वर तळें सांचतें. म्हणजे मॉडेल म्हणतें कीं आधीं घागर भरेल व नंतर सांडेल. आपलें रान आधीं सांडतें, मग भरतें आणि मग तोंड मिटून घेतें. भेगांचा विचार करणारीं मॉडेलें आहेत, नाहींत असें नाहीं. परंतु त्यांना भेगांची खोली, मातीची फूग, पावसाचा तासातासाचा जोर इत्यादि माहिती लागते, आणि ती गांवाच्या कागदांत सहसा नसते. नसलेल्या माहितीच्या जागीं पुस्तकांतला आंकडा बसविला जातो. येथें मॉडेलाचा दोष नाहीं. जात्यांत जें घालावें तेंच पीठ होऊन बाहेर येणार.

माती ओलांडून खडकांत गेल्यावर तर अनुमानाची जागा आणखीच वाढते. दख्खनचा आपला काळा पाषाण थरावर थर असा रचलेला आहे. वर मुरूम, खालीं कठीण कातळ, त्याखालीं एखादा मांजऱ्याचा मऊ थर, पुन्हा कातळ. पाणी राहतें तें मुरमांत, सच्छिद्र थरांत आणि फटींत. दहा पावलांवरच्या दोन विहिरींत एकीस चार मोटांचें पाणी व दुसरीस दगड, हा अनुभव प्रत्येक गांवास आहे; पाणाड्यांचा धंदा त्यावरच चालत आला. आतां हिशेब कसा होतो तो पाहा. समजा, एका गांवाचें क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि पावसाळ्यांत तेथील विहिरींचें पाणी सरासरी ३ मीटर वर आलें. वर आलेल्या या तीन मीटरांत प्रत्यक्ष पाणी किती, हें खडकाच्या पोकळीवर अवलंबून राहील. भूजलाच्या अंदाजासाठीं केंद्र सरकारच्या समितीनें ठरविलेल्या पद्धतींत झिजलेल्या अथवा सच्छिद्र काळ्या पाषाणास हें प्रमाण शेंकडा १ ते ३ दिलेलें असून शेंकडा २ धरावें अशी शिफारस आहे. शेंकडा २ धरल्यास गांवाची जमा ६ लक्ष घनमीटर होते. शेंकडा दीड धरल्यास ती ४॥ लक्ष होते, आणि अडीच धरल्यास ७॥ लक्ष. गांवाचा वर्षाचा उपसा ५ लक्ष घनमीटर आहे असें माना. पहिल्या हिशेबानें उपसा जमेच्या शेंकडा ८३ होऊन गांव 'अंशतः शोषित' ठरतें. दुसऱ्यानें तो शेंकडा १११ होऊन तेंच गांव 'अतिशोषित' होतें. तिसऱ्यानें तो शेंकडा ६७ होऊन तें 'सुरक्षित' म्हणून मिरवतें. पाऊस तोच, विहिरी त्याच, उपसा तोच. बदलला तो अर्ध्या टक्क्याचा एक आंकडा, जो त्या गांवांत कोणीं मोजलाच नव्हता.

हा केवळ कागदावरचा खेळ असता तर आम्हीं त्यासाठीं पानें खर्चीं घातलीं नसतीं. नव्या विहिरीस अनुदान मिळावें किंवा नाहीं, हें पुष्कळदां या वर्गवारीवर ठरतें. २०१४ पासून अंमलांत असलेल्या महाराष्ट्र भूजल अधिनियमांत ६० मीटरांहून खोल विंधण विहिरींस आळा घालण्याची तरतूद आहे, आणि अधिसूचित क्षेत्र कोणतें याचा निर्णय अशाच आंकड्यांवर व्हावयाचा आहे. ज्याची पहिलीच विहीर अजून खणावयाची आहे, त्या कोरडवाहू शेतकऱ्यास गांव 'अतिशोषित' ठरल्यामुळें दार बंद होतें. ज्यानें वीस वर्षांपूर्वींच तीन विहिरी व पांच बोअर घेऊन ठेविले, त्याचा उपसा मात्र कोणी थांबवीत नाहीं. सरासरीचा आंकडा चुकला म्हणजे त्याची शिक्षा सर्वांस सारखी होत नाहीं, ही गोष्ट विसरतां कामा नये.

किंबहुना आमचा खरा आक्षेप सरासरीवरच आहे. त्यासाठीं कऱ्हा नदीचें खोरें डोळ्यांपुढें आणावें. सासवडच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावून ही नदी जेजुरी, मोरगांव, बारामती अशी उतरत जाऊन नीरेस मिळते. पश्चिमेकडील माथ्यावर पाऊस बरा. पूर्वेस जावें तसतसा तो आटत जाऊन अवर्षणाच्या पट्ट्यांत येतो. माथ्याला उघडे माळ व हलकी जमीन. जेथें थोडी माती आहे तेथें अंजीर, सीताफळ, वाटाणा. तळाला नदीकांठचें खोल काळें रान. वर जेजुरीपाशीं नाझरे धरणानें नदी अडविली आहे. पुरंदर उपसा योजनेनें मुळा-मुठेचें पाणी डोंगर चढवून याच खोऱ्यांत आणिलें आहे. आणि तळाशीं, १८८५ सालापासून वाहणारा नीरेचा डावा कालवा बारामतीच्या रानांस पाणी देत आला आहे. म्हणजे एकाच खोऱ्यांतील विहिरींत तीन निरनिराळीं पाणी येऊन मिळतात : आभाळाचें, दुसऱ्या नदीचें आणि कालव्याचें. विहिरीची पातळी चढली, एवढ्यावरून पुनर्भरण वाढलें व बंधाऱ्यांचीं कामें फळास आलीं, असा निष्कर्ष काढणारा मनुष्य या तिहींपैकीं कोणतें पाणी मोजीत आहे हें त्यास सांगतां आलें पाहिजे.

मुरलेलें सर्व पाणी हितकर असतें असेंहि नाहीं. नीरा खोऱ्यांत कालव्याचें पाणी आल्यावर भूजल वर चढलें, निचरा झाला नाहीं, आणि चांगल्या काळ्या जमिनी खारवल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यासह या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं तो प्रसिद्ध केला. तेव्हां खोऱ्याच्या तोंडाशीं पुनर्भरण हें संकट होतें आणि माथ्याला तेंच वरदान ! दोहोंची सरासरी काढून 'खोऱ्याचें पुनर्भरण समाधानकारक' असें लिहिणाऱ्यास खारवटलेल्या रानाचा धनी काय म्हणेल, आणि कोरड्या माळाचा धनी काय म्हणेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां माळाकडे परत येऊं. वर सांगितल्याप्रमाणें आषाढ-श्रावणांतील मध्यम पावसांत खडकास पाणी देतो तो माळ, काळें रान नव्हे. समतल चर खणले जातात ते माळावर. चराईबंदी होते ती माळावर. मेंढरें हांकलून दिलीं जातात तींहि तेथूनच. परंतु माळावर मुरलेलें पाणी उतारानें खालीं सरकत जाऊन चार महिन्यांनीं भरतें तें तळाच्या विहिरींत. माळाचा धनी बाजरी-मटकी करून पावसाकडे पाहत राहतो, आणि त्याच्या जमिनीनें कमावलेल्या पाण्यावर खालीं ऊंस उभा राहतो. ताळेबंदांत जर गांवाची एकच जमा व एकच खर्च लिहिला, तर वरच्याचें खालच्यावर असलेलें हें ऋण कोठेंच दिसत नाहीं. उलट, 'गांवांत पाणी आहे' असें ठरून माळाच्या धन्यास टंचाईची मदतहि मिळेनाशी होते.

मॉडेलाचा खरा उपयोग आमच्या मतें येथें आहे. अमुक लिटर पाणी मुरलें हें सांगण्यांत मॉडेल कच्चें ठरेल. परंतु माती, उतार व खडक यांचा नकाशा हातीं असला तर पाणी कोणत्या रानांतून खालीं शिरतें व कोणत्या विहिरींत निघतें, हें तें पुष्कळ खात्रीनें दाखवूं शकतें. हा नकाशा ग्रामसभेंत भिंतीवर लागला पाहिजे. तो लागला म्हणजे तळाच्या बागायतदारांनीं माळाच्या धन्यास कांहीं द्यावें कीं नाहीं, निदान त्याच्या एका एकरास संरक्षक पाणी द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न उघडपणें बोलतां येईल. आज तो प्रश्न कोणाच्या कागदावरच नाहीं.

येथें दुसरा एक भ्रम दूर करणें अवश्य आहे. पुनर्भरणाच्या कामांनीं पाणी निर्माण होतें, अशी एक समजूत गेल्या कांहीं वर्षांत रूढ झाली आहे. २०१४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या काळांत तर ओढे किती खोल व किती रुंद केले यावरच पाण्याची किंमत होऊं लागली. वस्तुतः पाणी निर्माण होत नाहीं. तें एका वाटेवरून काढून दुसऱ्या वाटेस लावलें जातें. अमेरिकेंतील भूजलशास्त्रज्ञ सी. व्ही. थीस यांनीं १९४० सालीं हा प्रश्न फार स्वच्छपणें मांडला होता : विहिरीनें उपसलेलें पाणी येतें कोठून ? एक तर साठ्यांतून, नाहीं तर अधिक मुरलेल्या पाण्यांतून, नाहीं तर जें पाणी पुढें झऱ्यास वा नदीस मिळालें असतें त्यांतून. चौथी जागा नाहीं. माघांत आटणारा ओढा पूर्वीं चैत्रापर्यंत वाहत असे, असें म्हातारे सांगतात, त्याचें उत्तर या तिसऱ्या जागेंत आहे. आपल्या विहिरींनीं ओढ्याचें पाणी तो वाहण्याच्या आधींच गांठलें.

शेततळ्यांचें उदाहरण याहून बोलकें आहे. पावसाचें वाहतें पाणी अडविण्यासाठीं शेततळें, ही कल्पना उत्तम. परंतु तळास प्लास्टिकचें अस्तर घालून, त्यांत श्रावणापासून विहिरीचें व बोअरचें पाणी उपसून भरून ठेवणें, यास जलसंधारण म्हणावें काय ? त्या तळ्यांतून एक थेंब जमिनींत मुरत नाहीं, आणि उन्हाळ्यांत उघड्या पृष्ठावरून रोज कांहीं मिलिमीटर पाणी उडून जातें. सर्वांच्या पायाखालचें पाणी एकाच्या कुंपणांत आणून ठेवण्याची ती युक्ति आहे. पुष्कळ ताळेबंदांत मात्र असें तळें जमेच्या बाजूस लिहिलेलें आढळतें ! फळबागा वांचविण्यासाठीं शेतकरी तसें करतो, त्याची अडचण आम्ही जाणतों. परंतु निदान हिशेबांत तें खर्चीं पडावें.

कोणी म्हणेल, आमच्या आज्यापणज्यांनीं कोठें मॉडेलें केलीं होतीं ? त्यांस विहिरींत डोकावून पाण्याची वार्ता कळत असे. खरें आहे. परंतु आज्याच्या विहिरीवर मोट होती. बैलांच्या दमापलीकडे त्यास पाणी काढतां येत नसे, व चार-पांच परसांखालीं त्याची विहीरहि जात नसे. ओलिताचें क्षेत्र बैलांनींच ठरवून दिलेलें होतें. आज तीनशें फुटांच्या बोअरमध्यें कोण डोकावणार ? तो कोरडा पडेपर्यंत वर खूण दिसत नाहीं, आणि शेजाऱ्याचा बोअर कोणत्या थरांतून ओढतो आहे हें दोघांसहि ठाऊक नसतें. जें डोळ्यांस दिसेनासें झालें तें गणितानें पाहिल्यावांचून आतां गति नाहीं. म्हणून आम्ही मॉडेलाच्या विरुद्ध नाहीं. त्यांत घालावयाचे आंकडे परके आहेत, एवढेंच आमचें गाऱ्हाणें आहे.

परके म्हणजे कसे, याचा एक अनुभव सांगतों. आमच्या महसूल मंडळाचें पर्जन्यमापक आमच्या गांवापासून दूर, डोंगराच्या पलीकडच्या अंगास आहे. एका वर्षीं ताळेबंद वाचतांना असें दिसून आलें कीं, ज्या पंधरवड्यांत आमच्या रानांत धूळ उडत होती व आम्ही बाजरीची दुबार पेरणी करीत होतों, त्या पंधरवड्यांत कागदावरचें आमचें गांव चांगलें भिजलें होतें. हरकत घेतली, तेव्हां आलेल्या गृहस्थांनीं नम्रपणेंच सांगितलें कीं, संगणकांत तोच आंकडा आहे. त्यांचाहि इलाज नव्हता, कारण दुसरा आंकडा आम्हीं तरी कोठें ठेवला होता ? आमच्याजवळ तक्रार होती, नोंदवही नव्हती.

नोंदवही ठेवणारीं गांवें आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखालीं गांवानें स्वतः पाऊस व विहिरींची पातळी मोजून दरसाल ग्रामसभेंत पाण्याचा जमाखर्च मांडण्याची रीत पाडली, शेतीसाठीं बोअर घेणें बंद केलें, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षीं पिकें त्याप्रमाणें बदललीं. अविभक्त आंध्र प्रदेशांतील अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत २००३ च्या सुमारास सुरू झालेल्या एका मोठ्या प्रकल्पांत, अन्न व कृषि संघटनेच्या साह्यानें, शेंकडों गांवांतील शेतकरी स्त्रीपुरुषांनीं पर्जन्यमापक वाचणें, विहिरीची पातळी घेणें व बोअरचा प्रवाह मोजणें शिकून घेतलें आणि रब्बीच्या तोंडावर आपला हिशेब आपणच केला. कोणता पाट किती द्यावा हें त्यांस कोणीं सांगितलें नाहीं. आंकडे भिंतीवर लागल्यावर ज्यानें त्यानें आपापलें पीक निवडलें. तेथील सर्व गांवांची स्थिति सुधारली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मापाची दोरी शेतकऱ्याच्या हातीं आल्यावर तो ती नीट धरतो, हें तेथें दिसून आलें.

राज्याची यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां घेते. संबंध राज्याच्या दृष्टीनें तें काम मोठें आहे. एका गांवाच्या दृष्टीनें तें पुरेसें नाहीं. पाणी केव्हां चढूं लागलें, कोणत्या पावसानें चढलें, पंप बंद असतांहि मार्गशीर्षांत तें किती उतरलें, हें चार नोंदींत सांपडत नाहीं. यांतील शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. उपसा नसतांना होणारी उतार म्हणजे खडकांतून ओढ्याकडे निघून जाणारें पाणी. सरकारी पद्धतींत या निसर्गतः होणाऱ्या गळतीसाठीं शेंकडा ५ ते १० वजावट धरतात. आमच्यासारख्या उताराच्या खोऱ्यांत ती पुष्कळ अधिक असावी असें विहिरीच्या काठावर बसणाऱ्यास वाटतें. परंतु वाटणें हा पुरावा नव्हे. दर आठवड्यास घेतलेली नोंद हा पुरावा होय.

तेव्हां आमची सूचना अशी. आपल्या संस्थेच्या प्रत्येक शाखेनें गांवांत निदान तीन ठिकाणीं, माथ्यावर, मध्यें व तळाशीं, साधें पर्जन्यमापक बसवावें. त्याच तीन पट्ट्यांत मिळून दहा विहिरी निवडाव्यात, व त्यांत ज्यांचा उपसा बंद आहे अशा दोन तरी असाव्यात. विहिरीच्या कठड्यावर एक कायमची खूण करून तेथून पाण्यापर्यंतचें अंतर दोरीनें व वजनानें दर सोमवारीं सकाळीं, पंप सुरू होण्यापूर्वीं, घ्यावें. मे अखेरीस भेगांची खोली काठीनें मोजून लिहावी. हें काम शाळेंतील मुलें आनंदानें करतील. पंपाचे तास ज्याचे त्यानें लिहावेत. खोटे लिहिले जातील अशी शंका घेणारे पुष्कळ भेटतात. परंतु विहिरीची पातळी दोरीवर आणि पाऊस मापकांत ज्या दिवशीं सर्वांसमोर लिहिला जातो, त्या दिवशीं तासांची लबाडी फार वेळ लपत नाहीं. या नोंदी दोन वर्षांच्या झाल्या म्हणजे मॉडेल करणाऱ्या संस्थांपुढें त्या ठेवून असें म्हणतां येईल कीं, तुमचें मॉडेल आमच्या विहिरींशीं जुळवून दाखवा, कोणता आंकडा कोठून घेतला तें लिहून द्या, आणि माळाची जमा निराळी व तळाचा खर्च निराळा मांडा. ही मागणी अवास्तव नाहीं. आपलें मॉडेल प्रत्यक्ष नोंदीशीं ताडून पाहणें हा त्या शास्त्राचाच पहिला नियम आहे.

नोंदीचा छापील तक्ता संस्थेच्या कार्यालयांत मिळण्याची व्यवस्था व्हावी, अशी व्यवस्थापक मंडळास आमची विनंती आहे. तोंपर्यंत कोणत्याहि वहींत तारीख, पाऊस, विहीर, पातळी व पंपाचे तास असे पांच रकाने आंखले तरी काम भागेल. रोहिणी निघण्यापूर्वीं कठड्यावरची खूण मात्र रंगवून झालेली असावी, कारण पाणी चढूं लागण्याआधींची एक तरी नोंद हातीं नसली तर पुढचें सर्व वर्ष फुकट जातें. प्रस्तुत लेखकानें आपल्या विहिरीवर ती गेल्या आठवड्यांत रंगविली. रंग पांढरा घेतला होता, तो कबुतरांमुळें दोन दिवसांत दिसेनासा झाला, म्हणून आतां छिन्नीनें खांच पाडली आहे.